चहा धरून इन्सुलिन

सातपुते नाना फोनवर कधी 'हॅलो' म्हणाले नाहीत. उपकेंद्रातला फोन उचलला की पलीकडून थेट काम सुरू व्हायचं. लाईन बंद करून हवी असेल तर "परमिट द्या" एवढंच. आणि काम आटोपल्यावर ठरलेलं एक वाक्य: "मानसं खाली, चेन काढली, मी जमिनीवर. घ्या लाईन." शब्द तेच, क्रम तोच, चालसुद्धा तीच. नवीन असताना मला ते ऐकून हसू यायचं. पुढे अशी सवय लागली की ते वाक्य पुरतं कानावर पडल्याशिवाय माझा हात बटणाकडे जाईना.

मी तेव्हा खर्ड्याच्या बाजूला एका लहान वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. माहेर भिंगारचं, छावणीच्या सिव्हिलियन क्वार्टरमधलं. नकाशात खर्डा कुठे येतं हे मी नेमणुकीचा कागद हातात पडल्यावर पाहिलं. ऑपरेटरचं काम वरून सोपं दिसतं. खोलीत बसायचं आणि कुठल्या गावाची लाईन कधी बंद करायची, कधी चालू करायची ते सांभाळायचं. लाईनमन बाहेर रानात खांबावर असतो. तो परमिट मागतो, आपण लाईन बंद करतो. त्याचं काम झालं की तो परमिट परत करतो, मग आपण चालू करतो. दोघांच्या मध्ये काय असतं, तर एक फोन. पलीकडचा माणूस दिसत नाही, त्याचं बोलणं तेवढं ऐकू येतं.

नाना बुटके, काळेसावळे, पाय किंचित बाहेर वाकलेले. खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर, पेन आणि कंगवा. डोक्यावर केस फार नव्हते, तरी कंगवा होता. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे असतील, पण मला 'ऑपरेटरबाई' म्हणत आणि अहो-जाहो करत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोनवर सांगितलं की ते आल्याच्या पोलावर आहेत. मी भिंतीवरच्या नकाशात आलं पिकवणारं गाव शोधत बसले. मग त्यांच्या जोडीचा वायरमन रफिक याने उलगडा केला. कंपनीच्या लेखी प्रत्येक खांबाला नंबर आहे. नानांच्या लेखी खांबाची ओळख म्हणजे जवळच्या घरातला चहा. आल्याचा पोल, दुधाळ पोल, गवती चहाचा पोल. एका खांबाला ते 'पाणचट' म्हणत आणि तिथला बिघाड शक्यतो रफिककडे सोपवत.

या चहाचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे, पण आधी चेनबद्दल सांगायला हवं.

परमिट मिळालं, लाईन बंद झाली, तरी नाना तारेला हात लावत नसत. आधी खांद्यावरची अर्थिंगची साखळी काढायचे. तिचं एक टोक जमिनीत ठोकायचं आणि दुसरं काठीने तारांवर अडकवायचं. तारेत कुठे वीज असलीच तर ती साखळीवाटे जमिनीत जावी, माणसातून नको. नियम सगळ्यांनाच असतो. पाळतो कोण, हा प्रश्न असतो. मी एकदा घाईत होते. त्यांना म्हटलं, नाना, मी स्वतः लाईन बंद केली आहे, मग एवढा वेळ का लावताय? ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडनं बंद झाली. माझ्याकडनं अजून न्हाई."

मला राग आला. मला वाटलं, बाई आहे, नवी आहे, म्हणून माझ्यावर विश्वास नाही. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना ते कळलंही नसावं.

मग एका लग्नतिथीला त्यांनी माझ्याकडून परमिट घेतलं, साखळी टाकली आणि साखळीने चांगली हातभर ठिणगी उडवली. लगेच फोन आला. "ऑपरेटरबाई, तुमी लाईन बंद केली हुती ना?" मी पॅनेलकडे वळून पाहिलं. केली होती म्हटलं. "मग बरोबर हाय. कार्यालयाच्या जनरेटरनं चालू केली." गावातल्या मंगल कार्यालयाने जनरेटर सरळ जोडून टाकला होता आणि त्याची वीज उलटी तारेत चढत होती. नाना तसेच कार्यालयात गेले. मंगलाष्टकं चालू होती. त्यांनी जनरेटर बंद केला. माईक गेला, पंखे गेले, नवरीचा मामा अंगावर धावून आला. नानांनी त्याला सांगितलं की अक्षता बिनमाईकच्या टाकल्या तरी लग्न लागतं, मी खांबावरून उतरलो की माईक घ्या. आणि ते परत खांबाकडे चालू लागले. हा किस्सा रफिक अजून सांगतो. त्या दिवसानंतर नानांची साखळी मला अपमानाची वाटली नाही.

तर असा हा माणूस. बंद म्हणून सांगितलेली तार बंद आहे, यावर त्याचा विश्वास नाही. डोळ्यांनी दिसलं तरी नाही, साहेबाने सांगितलं तरी नाही. आणि हाच माणूस स्वतःच्या साखरेच्या बाबतीत मात्र म्हणायचा, "कळतं मला."

नानांना मधुमेह जुना. इन्सुलिन दोन वेळा. सकाळचं ते उपकेंद्रात घ्यायचे, कारण घरून पहाटेच निघायचे आणि भाकरी आमच्याकडे खायचे. कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात, पॅनेलच्या मागे, एक छोटं मडकं होतं. त्यात पाणी, पाण्यात डबी, डबीत औषधाची बाटली. माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ते पोटाला सुई टोचायचे. त्याआधी त्यांचा एक हिशोब चालायचा आणि तो ते मोठ्याने करायचे. आज वरच्या वाडीला जायचंय, म्हणजे आल्याचा एक, दुधाळ एक, सरपंचाच्या घरचा टाळता येत नाही. दोन पॉइंट वाढवू. आज इथेच फ्यूज बघायचेत, चहा नाही. नेहमीचंच घेऊ.

म्हणजे दिवसभरात गावं किती चहा पाजतील याचा अंदाज बांधून त्या चहाचं इन्सुलिन ते सकाळीच घेऊन टाकायचे. मी म्हटलं, नाना, बिनसाखरेचा मागा, नाहीतर सरळ नको म्हणा. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. चहा नाकारला तर पुढच्या वेळी शिडी कोण धरील, फांदी तोडायला कुऱ्हाड कोण देईल, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. अर्धी वाडी त्यांची मदतनीस होती, आणि ती पगारावर नव्हती, चहावर होती.

साखर खाली गेलीच तर हत्यारांच्या पिशवीत पकड आणि फ्यूजच्या तारेच्या मध्ये गुळाची डबी असायची. ती कधी उघडायची हे कसं कळतं, असं मी विचारलं होतं. आधी मनगटाला घाम सुटतो, म्हणाले, मग जिभेचा शेंडा बधिर होतो. "टेस्टर अंगातच हाय माझ्या." हे सांगताना त्यांना अभिमानच वाटत होता. आणि बरीच वर्षं तो टेस्टर चाललाही होता, हे खरं.

वरच्या वाडीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. गावात त्याला सगळे डीपी म्हणतात. नवी डीपी यायला उशीर झाला. कारणं होती, पण अंधारात बसलेल्याला कारणं सांगून उपयोग नसतो. वाडीतल्या पोरांनी ठरवलं की बोर्डाच्या माणसाशी भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, फक्त चहा पाजायचा नाही. आमच्याकडे भांडणाची ही एक रीत आहे. ती फार लागते.

नानांना याचा पत्ता नव्हता. डीपी आली त्या सकाळी ते खुशीत होते. नवी डीपी बसली की गाव नारळ फोडतं, पेढे वाटतं आणि प्रत्येक दारातून चहा येतो. मडक्यातली डबी काढताना त्यांनी हिशोब केला आणि मला सांगितला: "आज पेढे बी धरू."

दुपारपर्यंत डीपी चढली. वरच्या तारेला जोडणी द्यायची म्हणून त्यांनी परमिट घेतलं. मी लाईन बंद केली. नारळ फुटला नाही, पेढा आला नाही, चहाचा एक कप आला नाही. लोक लांब ओट्यावर बसून बघत होते, हे मला नंतर कळलं. मला एवढंच ठाऊक की बऱ्याच वेळाने फोन वाजला आणि नाना म्हणाले, "घ्या लाईन."

मी बाकीच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही.

मी विचारलं, चेन काढली का? ते म्हणाले, किती वेळा सांगू? माझ्याशी ते कधी असे खेकसले नव्हते. आवाज त्यांचाच होता, पण जड, जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसा. मी म्हटलं, नाना, तुमचं रोजचं वाक्य म्हणा आधी.

"काय म्हनायचं?"

मी विचारलं, रफिकभाई कुठे आहेत?

"रफिक वर हाय," नाना अगदी सहज म्हणाले. "घ्या लाईन."

मी पॅनेलपासून दूर सरकले. हात पाठीमागे बांधले, उगाच. मग रफिकला फोन लावला. तो डीपीच्या वर, जोडणीच्या तारेशी. वैतागूनच त्याने फोन घेतला. मी म्हटलं, काही विचारू नका, खाली उतरा आणि नानांना गूळ द्या. तो उतरला. नाना तोंड उघडेनात. रफिकने गुडघ्याने त्यांचा हात दाबून धरला आणि गूळ बोटाने त्यांच्या गालात सारला. ओट्यावरची पोरं तेव्हा धावत आली. कुणीतरी साखरेचं पाणी आणलं. थोड्या वेळाने नाना उठून बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि रफिकला म्हणाले, "चेन काढली का रे?"

साखळी तारेवरच होती. म्हणजे मी लाईन चालू केली असती तर साखळीमुळे ब्रेकर बहुतेक लगेच पडून लाईन आपोआप बंद झाली असती आणि रफिक कदाचित वाचलाही असता. रफिकला लहान लहान दोन मुली आहेत. या 'बहुतेक' आणि 'कदाचित'वर मी नंतर बरेच दिवस विचार केला आणि मग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी नाना आले ते माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. आभार वगैरे मानले नाहीत. म्हणाले, मी काल काय काय बोललो ते नेमकं सांगा. मी सांगितलं, शब्दाला शब्द. "रफिक वर हाय" हेही सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते. नंतर म्हणाले, "ऑपरेटरबाई, मला वाटत हुतं मी ठीक हाय." आणि उठून स्वतःच साहेबांकडे गेले. त्यांनी सांगितलं नसतं तर ते साहेबांपर्यंत गेलंच असतं असं नाही. रफिक बोलणार नव्हता.

साहेबांनी ऐकून घेतलं. डॉक्टर ठीक म्हणेपर्यंत नानांनी खांबाकडे जायचं नाही, परमिट रफिकने घ्यायचं, असं ठरलं. नाना नगरला डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी चहाचा हिशोब ऐकून आधी डोकं धरलं म्हणे. मग समजावून सांगितलं की जुन्या मधुमेहात, वारंवार साखर खाली जात राहिली की शरीर सूचना देणं बंद करतं. घाम येत नाही, थरथर होत नाही, माणूस सरळ भ्रमात जातो. यावर एक सेन्सर मिळतो. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, रुपयाएवढा. तो रात्रंदिवस साखर बघत राहतो आणि खाली जायला लागली की मोबाईल ओरडतो. गोळ्यांवरच्या प्रत्येकाला तो लागतोच असं नाही. पण तुम्ही इन्सुलिनवर, तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही खांबावर चढता. तेव्हा एक तर हा लावा, नाहीतर खांब सोडा.

किंमत पाचेक हजार. नानांना पगार बरा होता, परवडलं नसतं असं नाही. घरावर एक खोली चढवायची म्हणून ते बाजूला टाकत होते, त्यातून निघाले असते. त्यांना टोचली ती वेगळीच गोष्ट. दोन आठवडे झाले की सेन्सर काढून फेकायचा आणि नवा घ्यायचा.

"फेकायचा?" हे त्यांनी मला दहादा तरी ऐकवलं असेल. जळालेल्या फ्यूजची तार सोडवून, सरळ करून पुन्हा वापरणारा माणूस. दुरुस्त होत नाही का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. साखळी एकदा घेतली की जन्मभर पुरते आणि हे पंधरवड्याला मरतं. याला काय हत्यार म्हणायचं?

मधला मार्ग म्हणून त्यांनी बोट टोचायचं जुनं मशीन बाहेर काढलं. काम करण्याआधी टोचून बघीन म्हणाले. सवय व्हावी म्हणून उपकेंद्रात बसल्या बसल्या टोचत राहिले. एकदा आकडा चारशेच्या वर गेला आणि ते घाबरले. बोटाला गूळ लागलेला होता. हात धुऊन पुन्हा बघितलं तर सगळं ठीक. शिवाय डॉक्टरांनी सांगितलंच होतं की बोट त्या घडीचं सांगतं. साखर वर चाललीय की खाली, आणि खांबाच्या टोकाशी पोचेपर्यंत कुठे असेल, ते नाही सांगत.

दुसरा रस्ता सरळ होता. खांब सोडायचा. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. उपकेंद्रात बसून काढता आली असती, आणि त्यासाठी पदरचा पैसा लागला नसता. ते दिवस मी पाहिले आहेत, म्हणून सांगते, तो रस्ता नानांना झेपणारा नव्हता. त्यांनी पॅनेल पुसलं. मडक्यातलं पाणी तासाला बदललं. माझ्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय दुरुस्त केला आणि तो आणखी डुगडुगायला लागला. रफिकचा फोन आला की कान टवकारून ऐकायचे. रफिक "झालं, घ्या" म्हणाला की लांबून ओरडायचे, सगळं म्हण म्हणावं त्याला. त्यांच्यामुळे मला कामाचं सुख नव्हतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

या सगळ्यात मथुराकाकू, म्हणजे नानांच्या बायको, काही बोलल्या नव्हत्या. एक दिवस ते डबा विसरले म्हणून त्या घेऊन आल्या. माझ्यासमोर नानांनी पुन्हा फेकायचं पुराण लावलं. काकूंनी डबा टेबलावर ठेवला, पदराने घाम पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमी झोपला की मी उठून तुमच्या कपाळाला हात लावून बघते. घाम हाय का न्हाई. किती वर्सं झाली त्याला. आता ते मशीन बघू द्या. मला झोप पायजे."

मला वाटतं त्यांना हे ठाऊकच नव्हतं. स्वतःच्या अंगातल्या टेस्टरचा त्यांना अभिमान होता आणि रात्रीपुरता तो टेस्टर काकू होत्या. काकू गेल्यावर त्यांनी डबा उघडला आणि बराच वेळ तसाच उघडा ठेवला.

शेवटी एक सेन्सर आणला. एकच. बघू म्हणाले. दंडाला लावून आले तर वरून वीजकामाची काळी टेप गुंडाळलेली. घामाने सुटू नये म्हणून. डॉक्टर बघतील तर काय म्हणतील, असं मी विचारलं. पाणी आत जात न्हाई, म्हणाले.

आता नानांनी मशीनची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. बंद तारेवर विश्वास नसलेला माणूस पाच हजारांच्या बिल्ल्यावर कसा ठेवील? मोबाईल बघण्याआधी ते आपला अंदाज मोठ्याने सांगायचे. जेवणानंतर म्हणाले एकशे ऐंशी, निघाले एकशे नव्वद. खूश झाले. सकाळी म्हणाले एकशे वीस, निघाले एकशे पस्तीस. बघा, म्हणाले, कळतं का न्हाई मला? मशीन दहा-पंधरा मिनिटं मागे असतं हेही त्यांनीच शोधून काढलं आणि डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं हे सोयीस्कर विसरले. मला वाटायला लागलं की पंधरवडा संपला की हे प्रकरण मिटणार आणि नाना जिंकणार.

मग एका दुपारी ते मला मंगल कार्यालयाचा किस्सा सांगत होते. मला पाठ असलेला. मामा अंगावर धावून येतो तिथवर आले होते, हातवारे करत, हसत. मोबाईल ओरडला. त्यांनी बघितलं. अठ्ठावन्न.

खोटं हाय, म्हणाले. त्यांनी उठून साबणाने हात धुतले, पुसले, बोट टोचलं. एकसष्ट.

"पन मला काईच झालं न्हाई," नाना म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट चाचपून पाहिलं. मग उजव्याने डावं. दोन्ही कोरडी होती. मनगट धरून ते तसेच बसले होते. त्या वेळी ते मला एकदम म्हातारे दिसले आणि मला फार वाईट वाटलं. मी गुळाची डबी उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी खडा तोंडात टाकला आणि चघळत म्हणाले, "म्हंजे माझ्याकडनं बंद हाय म्हनून सांगायला मीच उरलो न्हाई."

त्यानंतर किमतीचा विषय त्यांनी काढला नाही. पहिला सेन्सर संपायच्या आधी दुसरा घरात होता. डॉक्टरांनी आकडे बघून इन्सुलिन बसवून दिलं, चहा धरून इन्सुलिन वाढवायला सक्त मनाई केली आणि सेन्सर असेल तरच खांब, असं लिहून दिलं. खोली राहिली, अजून चढलेली नाही. मथुराकाकू नंतर एकदा आठवडी बाजारात भेटल्या तेव्हा चेहऱ्याने उजळल्या होत्या. पहिल्या आठवड्यात झोपच लागत नव्हती म्हणाल्या, हात आपोआप जायचा. नाना कुशीवर, त्या दंडावर झोपले की मशीन उगाच ओरडतं, एवढी एक तक्रार.

एकदा टेपेसकट सेन्सर फांदीत अडकून निघाला आणि नगरला दुसरा लगेच मिळेना. ते दोन-तीन दिवस वाडीतून फोनवर फोन, सरपंच स्वतः आले. नाना उपकेंद्राबाहेर पडले नाहीत. जुनी माणसं चिडली, पण नानांऐवजी रफिकच गेला.

फोनवरचं वाक्य आता लांबलं होतं. "मानसं खाली, चेन काढली, मी जमिनीवर, साखर एकशे चाळीस. घ्या लाईन." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले आणि माझे डोळे भरून आले. पलीकडून ते म्हणाले, घ्या की, थांबलात कशाला?

पुढे माझी बदली झाली, घराजवळ. निरोपाला नानांनी मला एक टेस्टर दिला, नवा. घरात ऊन-पाऊस नाही, गंजणार नाही म्हणाले.

परवा काही कामाने पुन्हा तिकडे गेले होते. परतताना एसटी वरच्या वाडीच्या फाट्यावर प्रवाशांसाठी थांबली. खिडकीतून डीपी दिसते. डीपीखाली नाना आणि रफिक. रफिकच्या कमरेला पट्टा होता, पण तो चढला नव्हता, खांबाला टेकून उभा होता. नाना जमिनीवर मांडी घालून बसले होते, पिशवी मांडीवर, डबी उघडी, मोबाईल पुढ्यात. गाल हलत होता. गावातली माणसं सभोवती उन्हात उभी होती. लाईन गेलेली, पंखे बंद, मोटारी बंद, आणि तरी कुणी काही बोलत नव्हतं. सगळी नाना खाऊन होण्याची वाट बघत होती. जवळच्या घरातून एक बाई कपबशी घेऊन आली. नानांनी आधी मोबाईलकडे पाहिलं, मग हात पुढे केला.

तो आल्याचा पोल होता. मला हाक मारायची होती, पण कंडक्टरने घंटा दिली. आता नाना चहा संपवणार, साखर पुन्हा बघणार, मग परमिटसाठी फोन लावणार. तो फोन आता माझ्याकडे येणार नव्हता. तरी जामखेड येईपर्यंत मी मोबाईल हातातच धरून बसले होते.